पार्किंगचे पट्टे: फक्की मारायची की पक्का रंग? रंगवाला बोलवायच्या आधी हे वाचा

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पांढरे पट्टे आखून झाले, प्रत्येक जागेत पिवळे नंबर पडले, खाली फ्लॅट नंबरसुद्धा लिहिला. आठ दिवस सगळे खुश होते. जुलैत पट्ट्यांचे पापुद्रे निघायला लागले, गणपतीपर्यंत निम्मे पट्टे गायब, आणि पुढच्या वर्षी गाड्या वाढल्या म्हणून जागांची सोडत काढावी लागली तेव्हा जे फ्लॅट नंबर टिकून होते तेच नेमके चुकीचे ठरले. म्हणजे जे टिकायला हवं होतं ते गेलं आणि जे बदलायला हवं होतं ते चिकटून बसलं. मी तेव्हा कमिटीत नवीन होते, नंतर सेक्रेटरी झाले आणि ते सगळं काम पुन्हा मुळापासून करावं लागलं. त्या दुसऱ्या वेळेस जे शिकले ते इथे सविस्तर लिहितेय, कारण पुण्यात आणि आजूबाजूला कितीतरी सोसायट्या दर दोन वर्षांनी याच कामावर पैसे घालतात आणि तरी पार्किंगवरून भांडणं होतातच.

"कच्चे की पक्के" हा प्रश्न अख्ख्या पार्किंगला विचारू नका

मीटिंगमध्ये हमखास दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते एकदाच काय तो खर्च करा आणि पक्कं करून टाका, दुसरी म्हणते आत्ता साधा रंग मारा पुढचं पुढे बघू. दोघांचंही अर्धं बरोबर असतं. प्रत्येक पट्ट्यापुढे उभं राहून एवढंच विचारायचं की ही गोष्ट पुढच्या तीन वर्षांत हलणार आहे का. हलणार नसेल तर पक्का पट्टा, हलणार असेल तर कच्चा.

ड्राइव्ह-वेची कड हलत नाही. फायर ब्रिगेडच्या गाडीसाठी मंजूर प्लॅनमध्ये सोडलेला रस्ता हलत नाही, तो साधारण ६ मीटर रुंद असतो आणि तिथे गाडी लावायची नाही हे कायमचं आहे. मीटर रूमचं दार, पाण्याच्या टाकीचं झाकण, फायर हायड्रंट, जिन्यासमोरची मोकळी जागा, यातलं काहीच हलत नाही. पिलरमधल्या जागांच्या रेषाही सहसा हलत नाहीत, कारण पिलर कुठे जाणार.

हलतात ते नंबर, फ्लॅटची नावं, पाहुण्यांच्या जागा, टू-व्हीलरच्या रांगा (दर वर्षी स्कूटर वाढतात, हे धरूनच चाला), आणि आता ईव्ही चार्जरच्या जागा. ईव्हीचं तर विशेष सांगते. केंद्राने २०१९ मध्ये मॉडेल बिल्डिंग बायलॉजमध्ये बदल करून नव्या इमारतींत २० टक्के पार्किंगला चार्जिंगची सोय धरायला सांगितली, पण जुन्या सोसायट्यांमध्ये चार्जर कुठे बसेल हे मीटर रूमपासून केबल किती लांब जाते यावर ठरतं. आज ज्या कोपऱ्यात तुम्ही पक्के पट्टे मारून बसाल तिथेच दोन वर्षांनी चार्जर लावायची वेळ येऊ शकते. मीटर रूमच्या जवळच्या चार-पाच जागांच्या रेषा पक्क्या केल्या तरी त्यांच्यातला मजकूर कच्चाच ठेवा.

आणि अख्खं पार्किंगच कच्चं ठेवावं असेही प्रसंग असतात. बिल्डिंगला बाहेरून रंग द्यायचा ठरलाय आणि परांची बांधली जाणार आहे, पाईप गॅससाठी खोदाई बाकी आहे, ड्रेनेज लाईन बदलायचीय, रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू आहेत, तर पक्क्या पट्ट्यांचा विषयच काढू नका. आधी खोदाई, मग फ्लोअरिंग, सगळ्यात शेवटी पट्टे. हा क्रम उलटा झाला की पैसे पाण्यात.

आधी कागद

हा भाग कंटाळवाणा आहे पण सोडू नका. मंजूर प्लॅनची कॉपी काढा आणि त्यात पार्किंगच्या जागा किती आणि कुठे दाखवल्यात ते बघा. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी लागू असलेल्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, कारची जागा २.५ मीटर बाय ५ मीटर आणि टू-व्हीलरची १ मीटर बाय २ मीटर धरलेली आहे, मुंबईत वेगळी नियमावली आहे, त्यामुळे आपल्या प्लॅनवर जे लिहिलंय तेच प्रमाण माना.

दुसरं, जागा कोणाच्या. सुप्रीम कोर्टाने २०१० च्या नहालचंद लालूचंद निकालात स्पष्ट केलं की मोकळी आणि स्टिल्टखालची (म्हणजे बिल्डिंगच्या खाली खांबांमधली) पार्किंगची जागा बिल्डरने वेगळी विकायची वस्तू नाही. हाउसिंग सोसायट्यांच्या मॉडेल बायलॉजप्रमाणे वाटप सोसायटी करते आणि गाड्या जास्त, जागा कमी असं असेल तर वर्षाला सोडत काढायची असते. आता ही एक ओळ पट्ट्यांच्या कामात किती महत्त्वाची आहे बघा: जिथे सोडत दर वर्षी निघते तिथे जमिनीवर फ्लॅट नंबर पक्क्या रंगात लिहिणं म्हणजे दर वर्षी ग्राइंडर भाड्याने आणणं. नव्या बिल्डिंगमध्ये असाल तर करारनामा उघडा, महारेराने २०२४ मध्ये पार्किंगची लांबी, रुंदी, उंची, नेमकी जागा हे सगळं करारासोबत जोडायला सांगितलंय, तिथे लिहिलेल्या मापाशी तुमचा पट्टा जुळला पाहिजे.

लेआउट जनरल बॉडीपुढे ठेवून ठराव करून घ्या, नुसत्या कमिटीच्या जोरावर करू नका. आणि गेटबाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावर सोसायटीने स्वतः "नो पार्किंग" रंगवणं किंवा पिवळा पट्टा ओढणं चालत नाही, ते काम महापालिकेचं आणि ट्रॅफिक पोलिसांचं.

मापं: इथे घाई केली की सगळं फसतं

३० मीटरचा टेप, खडू, लाईन दोरी, गेरू आणि दोन माणसं एवढं पुरे. रविवारी सकाळी लवकर करा, जास्तीत जास्त गाड्या बाहेर काढायला सांगा.

सगळ्यात मोठी चूक मी डोळ्यांनी पाहिलीय. पेंटरने पहिला ४ इंची पट्टा मारला, त्याच्या आतल्या कडेपासून २.५ मीटर मोजले, दुसरा पट्टा मारला, त्याच्या आतल्या कडेपासून पुन्हा २.५ मीटर. दर जागेला पट्ट्याची रुंदी वाढत गेली, म्हणजे १० सेंटिमीटर. २० जागांच्या रांगेत हे २ मीटर होतात! शेवटची जागा भिंतीशी येऊन उरली अर्ध्या मीटरची आणि मग तिथे "टू-व्हीलर" लिहून वेळ मारून नेली. माप नेहमी पट्ट्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत घ्यायचं, आणि दर वेळेस टेप उचलून नव्याने लावायचा नाही, एका टोकाला टेप पक्का धरून ०, २.५, ५, ७.५, १० अशा चढत्या खुणा करत जायचं, म्हणजे चूक साठत नाही.

काटकोनासाठी गवंड्यांची ३-४-५ ची रीत सगळ्यात भरवशाची. भिंतीलगत ३ मीटरवर खूण, आडवी ४ मीटरवर खूण, दोन्ही खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ मीटर आलं की कोपरा गुण्यात आहे. मग दोरी गेरूत घोळवायची, दोन टोकांना दोघांनी अंगठ्याखाली दाबून ताणून धरायची, मध्ये चिमटीत उचलून सोडायची, टण्ण आवाज येतो आणि जमिनीवर केसासारखी सरळ लाल रेघ उमटते. ही रेघ बघून आमच्याकडची लहान मुलं इतकी खुश झाली की पुढच्या सगळ्या दोऱ्या त्यांनीच सोडल्या.

जागेची रुंदी ठरवताना आपल्याकडच्या खऱ्या गाड्या बघा. वॅगन आर १.६२ मीटर रुंद आहे, नेक्सॉन जवळजवळ १.८, फॉर्च्युनर १.८५. म्हणजे २.५ मीटरच्या दोन शेजारच्या जागांत दोन नेक्सॉन मधोमध लावल्या तर त्यांच्यामध्ये ७० सेंटिमीटर उरतात, आजीआजोबांना दार उघडून उतरायला एवढे जेमतेम. पण एका बाजूला पिलर असेल तर तिकडे फक्त ३५ उरतात आणि त्या बाजूचं दार उघडतच नाही. पिलरलगतच्या जागेला शक्य असेल तिथे फूटभर जास्त द्या किंवा ती जागा छोट्या गाडीला ठेवा. लांबीचं तसं सोपं, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या टॅक्सच्या भानगडीमुळे ४ मीटरच्या आत बसवलेल्या असतात (नेक्सॉन ३९९५ मिलिमीटर), पण इनोव्हा क्रिस्टा ४.७ मीटरच्या पुढे जाते.

सरळ, म्हणजे भिंतीला काटकोनात गाड्या लावायच्या तर समोर वळायला ६ मीटरचा रस्ता हवा. तेवढा नसेल तर ४५ अंशात तिरप्या जागा करा, साडेतीन ते चार मीटरमध्ये भागतं, पण मग रस्ता एकमार्गी ठेवावा लागतो आणि जागांची संख्या कमी होते. व्हीलचेअरवाल्या माणसासाठीची जागा विसरू नका, केंद्राच्या २०२१ च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ती ३.६ मीटर रुंद हवी आणि प्रवेशाच्या ३० मीटरच्या आत हवी. ही जागा पहिल्यांदा आखा, मग बाकीच्या. शेवटी उरलेल्या जागेत ती कधीच बसत नाही.

महिनाभर फक्कीवर जगून बघा

हा सल्ला मी सगळ्यांना देते आणि निम्मे लोक ऐकत नाहीत. पक्का पट्टा मारायच्या आधी तोच लेआउट कच्च्या खुणांनी आखा आणि निदान चार आठवडे लोकांना गाड्या लावू द्या. कबड्डी-खोखोच्या मैदानावर मारतात ती पांढरी फक्की मुरमावर किंवा मातीवर उत्तम, काँक्रीटवर मात्र दोन दिवसांत चाकांनी उडून जाते, तिथे पातळ केलेलं डिस्टेंपर किंवा साधा खडू वापरा.

या चार आठवड्यांत जे कळतं ते कुठल्याही ड्रॉइंगवर कळत नाही. आमच्याकडे कळलं की ७ नंबरच्या जागेत गाडी गेली की ८ नंबरवाल्याला तीन वेळा मागेपुढे करावं लागतं, कारण समोर ट्रान्सफॉर्मरचा कठडा आहे. आम्ही अख्खी रांग ४० सेंटिमीटर सरकवली आणि प्रश्न संपला. कचऱ्याची गाडी कुठून वळते, पाण्याचा टँकर उन्हाळ्यात कुठे उभा राहतो, सकाळी स्कूल बसच्या वेळेस काय होतं, रात्री अकराला शेवटची गाडी आल्यावर कुठे जागा उरते, हे सगळं वॉचमनला विचारा, त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. आमच्या रात्रपाळीच्या काकांनी वहीत महिनाभर रोज लिहून ठेवलं कुठली गाडी कुठे अडली ते, त्या वहीवरूनच शेवटचा लेआउट ठरला.

फक्कीत चुना असेल तर तो भाजतो, विशेषतः ओल्या हातांना आणि डोळ्यांना. हातमोजे, चष्मा घालूनच मारा आणि मुलांना त्या वेळेस लांब ठेवा.

कच्च्या खुणांसाठी काय काय मिळतं

जत्रेचं मैदान, मंगल कार्यालयाचा मुरमाड प्लॉट, शाळेच्या गॅदरिंगचं पार्किंग अशा ठिकाणी फक्की, बांबू, सुतळी आणि झेंडे यापलीकडे काही लागत नाही. कोपऱ्यावर दोन फुटी बांबू रोवून सुतळी ताणली की लोक आपोआप शिस्तीत लावतात, नुसत्या जमिनीवरच्या रेषेकडे पहिल्या गर्दीत कोणाचं लक्षच जात नाही. पहिल्या रांगेतल्या चार-पाच गाड्या स्वतः उभं राहून सरळ लावून घ्या, बाकीचे त्या बघून लावतात.

सोसायटीत गणपती, नवरात्र, एखाद्याच्या घरचं लग्न यासाठी कोन आणि साखळी ठेवा. मांडवाच्या खांबांसाठी पेव्हर ब्लॉक उचकटू देऊ नका, त्यापेक्षा खांबाखाली वाळूचे डबे ठेवायला सांगा. मांडवाच्या दहा-बारा दिवसांत कुठल्या गाड्या कुठे जातील याचा कागद आधीच तयार ठेवला तर रात्री बाराला फोन येत नाहीत.

चिकटपट्टी म्हणजे फ्लोअर मार्किंगची पीव्हीसी टेप गुळगुळीत, स्वच्छ फरशीवर काही महिने छान टिकते. खडबडीत ट्रिमिक्सवर (पार्किंगमध्ये घालतात त्या काँक्रीटच्या फ्लोअरिंगवर) किंवा धुळीवर चिकटत नाही, आणि गाडी जागच्या जागी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं की चाक टेपला पिळून उपटून काढतं. वळणाच्या जागी टेप लावूच नका, सरळ रेषेला आणि भिंतीकडच्या टोकाला लावा.

वर्षभरासाठी हवं असेल तर पाण्यात मिसळणारा बाहेरच्या भिंतींचा इमल्शन रंग दोन हात. एक पावसाळा कसाबसा काढतो, पुसट होतो, आणि तेच हवं असतं.

पक्क्या पट्ट्याआधी जमीन तपासा

आमचे पहिले पट्टे का निघाले? ट्रिमिक्स नवीन होतं, घालून जेमतेम दहा दिवस झाले होते, आणि कंत्राटदाराने घरातल्या ग्रिलला मारतात तो ऑइल पेंट वापरला होता. ताज्या काँक्रीटमध्ये क्षार असतो, त्यावर ऑइल पेंट मारला की त्यातल्या तेलाचा अक्षरशः साबण होतो आणि रंग जमिनीला धरत नाही. शिवाय तो ओला झाला की इतका निसरडा होतो की स्कूटरवरून पडायला वेळ लागत नाही. ऑइल पेंट पार्किंगमध्ये नको म्हणजे नकोच, कितीही स्वस्त सांगितला तरी.

नव्या काँक्रीटला निदान २८ दिवस द्या. मग ओलाव्याची साधी तपासणी करा: दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवायचा, चारही बाजूंनी टेपने बंद करायचा, संध्याकाळी लावून दुसऱ्या दिवशी दुपारी बघायचं. आतल्या बाजूला दव जमलं असेल किंवा खालचं काँक्रीट काळपट झालं असेल तर जमीन अजून ओली आहे, थांबा. आम्ही हे तीन ठिकाणी केलं आणि बेसमेंटच्या एका कोपऱ्यात प्लॅस्टिक आतून भिजलेलं निघालं, तपासल्यावर वरच्या बागेचं पाणी झिरपत होतं हे कळलं. तिथे रंग मारला असता तर फुगून आलाच असता.

तेलाचे डाग धुण्याच्या सोड्याने किंवा डिग्रीजरने घासून काढा, मग डागावर पाणी शिंपडून बघा. पाणी थेंब होऊन उभं राहिलं तर तेल अजून आहे, जमिनीत मुरलं तर चालेल. काँक्रीटवर पांढरट भुकटी येत असेल तर ती ग्राइंडरने किंवा तारेच्या ब्रशने काढल्याशिवाय कुठलाच रंग टिकणार नाही.

पेव्हर ब्लॉक असतील तर माझं स्पष्ट मत: रंग मारू नका. ब्लॉक हलतात, सांध्यात पट्टा तुटतो, सांध्यातून गवत येतं आणि दोन वर्षांत ते सगळं मळकट दिसतं. ब्लॉक बसवतानाच पट्ट्याच्या जागी वेगळ्या रंगाचे, म्हणजे पिवळे किंवा करडे ब्लॉक बसवून घ्या. आधीच बसलेले असतील तरी रेषेपुरते ब्लॉक बदलता येतात.

पक्क्यात कुठलं घ्यायचं

उघड्यावर डांबर असेल तर थर्मोप्लास्टिक. रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंगला दिसतं तेच. ही पावडर कढईत साधारण १८० ते २०० अंशांवर वितळवतात आणि अडीच मिलिमीटर जाडीचा थर सोडतात, वर लगेच काचेचे बारीक मणी टाकतात म्हणजे रात्री हेडलाइटमध्ये चमकतं. दहा-पंधरा मिनिटांत गार होतं आणि त्यावरून गाडी जाऊ शकते. डांबराशी ते वितळून एकजीव होतं म्हणून टिकतं, काँक्रीटवर मात्र खाली प्रायमर लागतोच, प्रायमर नाही लावला तर अख्खी पट्टी सुटून येते. सोसायटीतली कमी वर्दळ बघता चार-पाच वर्षं काळजी नाही.

उघड्यावर काँक्रीट असेल आणि काम थोडं असेल तर चांगला रोड मार्किंग पेंट दोन हात. दोन वर्षांनी पुन्हा एक हात मारावा लागेल, पण लेआउट थोडा बदलायला वाव राहतो. मला विचाराल तर ५०-६० गाड्यांच्या सोसायटीला हाच सगळ्यात शहाणपणाचा मधला मार्ग आहे.

बेसमेंटमध्ये थर्मोप्लास्टिक टाळा. गॅसचं सिलिंडर आणि पेटता बर्नर घेऊन बंद बेसमेंटमध्ये, सीएनजीच्या गाड्यांच्या शेजारी काम करायचं नसतं. तिथे दोन भागांचा इपॉक्सी रंग, मळलेली जमीन नीट घासून. इपॉक्सी उन्हात पिवळा पडतो आणि भुकटतो म्हणून तो बेसमेंटलाच ठेवा, अर्धं ऊन येणाऱ्या स्टिल्टला वर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन रंगाचा हात घ्या. रंगात थोडी बारीक सिलिका वाळू टाकून घेतली तर टू-व्हीलर घसरत नाहीत.

पोडियमवर, म्हणजे खाली बेसमेंट आणि वर पार्किंग असेल तिथे, चाक अडवायचे रबरी स्टॉपर बोल्टने ठोकू नका. प्रत्येक बोल्ट म्हणजे वॉटरप्रूफिंगला एक भोक. तिथे चिकटवायचे स्टॉपर घ्या.

आणि हे लक्षात असू द्या की पक्का पट्टा काढताना ग्राइंडर मारावा लागतो आणि त्याचा व्रण जमिनीवर राहतोच. काही लोक वरून काळा रंग मारून जुना पट्टा झाकतात, पण पावसात, रात्रीच्या दिव्यात तो काळा पट्टाच चमकतो आणि माणूस चुकीच्या रेषेत गाडी लावतो.

किती माल, कसं कोटेशन

हिशोब सोपा आहे. ४ इंची, म्हणजे १० सेंटिमीटरचा पट्टा १० मीटर मारला की एक चौरस मीटर. २० जागांच्या रांगेला २१ पट्टे, प्रत्येकी ५ मीटर, म्हणजे १०५ मीटर, म्हणजे साडेदहा चौरस मीटर. थर्मोप्लास्टिक चौरस मीटरला साधारण ५ किलो लागतं, म्हणजे पन्नासेक किलो, २५ किलोच्या दोन-तीन बॅगा. एवढ्याशा मालासाठी कढई आणि मशीन घेऊन येणारा माणूस वेगळा किमान आकार लावतोच, म्हणून शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी एकत्र काम काढलं तर सगळ्यांचाच दर खाली येतो. आम्ही तसंच केलं.

कोटेशन "एकरकमी" घेऊ नका, मीटरवर किंवा चौरस मीटरवर घ्या. वर्क ऑर्डरमध्ये मालाचा प्रकार, जाडी, पट्ट्याची रुंदी, प्रायमर, किती हात, जमीन कोण साफ करणार, हे लिहा आणि पैशातला थोडा भाग पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा. थर्मोप्लास्टिकची जाडी तपासायला एक युक्ती आहे: पट्ट्याच्या वाटेत पत्र्याचा छोटा तुकडा ठेवायचा, त्यावरून पट्टा जाऊ द्यायचा, गार झाल्यावर तुकडा उचलून व्हर्नियरने मोजायचा आणि पत्र्याची जाडी वजा करायची. पहिल्याच तुकड्यावर दीड मिलिमीटर आलं तर काम तिथेच थांबवा, शंभर मीटर झाल्यावर बोलून उपयोग नसतो.

कामाचा दिवस

दिवाळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंत कधीही, पण पावसाच्या तोंडावर नको. नोटीस आठ दिवस आधी लावा, फक्त ग्रुपवर टाकू नका, लिफ्टमध्ये चिकटवा, कारण गाडी ज्याच्या नावावर असते तो बऱ्याचदा ग्रुपवर नसतो. गावाला गेलेल्यांच्या किल्ल्या आधी मिळवा. पार्किंगचे दोन भाग करा आणि एक दिवस एक भाग, म्हणजे अर्ध्या गाड्या आतच राहतात.

आदल्या रात्री जमीन धुवा, पहाटेपर्यंत वाळू द्या. दूधवाले, पेपरवाले, सकाळी फिरायला जाणारे यांच्यासाठी दोरी बांधून वेगळी वाट ठेवा, नाहीतर ओल्या रंगावरचे पावलांचे ठसे पुढची दोन वर्षं बघावे लागतात. रोड मार्किंग पेंट हाताला अर्ध्या तासात सुकलेला लागतो पण गाडी दुसऱ्या दिवशीच घाला, गरम टायर अर्धवट सुकलेला रंग सोबत घेऊन जातो. इपॉक्सीवर तर चालायलाही एक दिवस आणि गाडीसाठी शक्यतो आठवडा. थांबवत नाही लोकांना, माहितीय, पण निदान तीन दिवस तरी साखळी काढू नका.

रेषा पांढऱ्या, नो पार्किंगच्या आडव्या तिरप्या पट्ट्या पिवळ्या, व्हीलचेअरची जागा निळी. याहून जास्त रंग नकोत.

नंबर भिंतीवर, फ्लॅटचं नाव पाटीवर

जागेचा क्रमांक, म्हणजे १, २, ३, हा जमिनीवर पक्का चालेल कारण जागा तीच राहते. फ्लॅट नंबर मात्र पिलरवर किंवा भिंतीवर छोट्या पाटीवर लावा, दोन स्क्रूची पाटी, सोडत निघाली की पाटी बदलली. पाहुण्यांच्या जागांनाही पाटीच. आमच्याकडे गेल्या सोडतीनंतर सगळ्या पाट्या बदलायला एका माणसाला एक दुपार लागली, खर्च म्हणाल तर स्क्रूंचा.

काम झालं की शेवटच्या लेआउटचा मापांसकट कागद, दर कोपऱ्याचे फोटो, रंगाच्या डब्यावरचं लेबल आणि वर्क ऑर्डर एका फाईलमध्ये ठेवा. नंबर छापायचे पत्र्याचे साचे पेंटरला परत देऊ नका, ते आपल्या पैशातून कापलेले असतात. आमचे पंप रूमच्या दारामागे खिळ्याला टांगलेत, शून्यापासून नऊपर्यंत सगळे आहेत, आणि पुढच्या फेब्रुवारीत दुसरा हात मारायचाय तेव्हा तेच लागणार आहेत.